गावच्या फुटबॉल क्लबचा इतिहास लिहायचाय? आधी हिशेबाची वही शोधा

दर मे महिन्यात कुठल्या तरी क्लबचा एक तरी फोन येतोच, काका आमच्या क्लबला पन्नास वर्षं होतायत, स्मरणिका काढायचीय, इतिहास कसा लिहायचा जरा सांगा ना, आणि फोन ठेवल्या ठेवल्या व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो, कपाटातल्या सगळ्या ट्रॉफ्या टेबलावर ओळीने मांडलेल्या, मागे क्लबचा बॅनर. ट्रॉफ्या छान आहेत. पण मी सगळ्यांना एकच विचारतो, वही आहे का? कसली वही? अरे जमाखर्चाची! मग पलीकडे शांतता.

म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. मी काही इतिहासकार वगैरे नाही, वेंगुर्ल्याच्या बाजूला खाडीकाठी आमचं गाव, तिथल्या क्लबात मी लेफ्ट बॅक होतो, तोसुद्धा दुसरा कोणी आला नसेल तेव्हाचा. रिटायर झाल्यावर क्लबचा इतिहास लिहायला घेतला, सहा महिन्यांत होईल वाटलं होतं, तीन वर्षं गेली. त्यात ज्या चुका केल्या त्या तुम्ही करू नका एवढंच.

तर वही. ट्रॉफी काय सांगते, कोण जिंकलं आणि कुठल्या साली, आणि तेसुद्धा खालची पट्टी पडली नसेल तर. वहीत अख्खा क्लब असतो. आमच्या क्लबची वही मिळाली ती कै. खजिनदारांच्या घरी, माळ्यावरच्या ट्रंकेत, लग्नाचे शालू आणि विम्याची कागदं यांच्या मधे. काकींनी ठेवली होती म्हणून राहिली, मुलगा दोनदा रद्दीत घालायला निघालेला. एक लक्षात ठेवा, गावाकडचा खजिनदार बहुतेक वेळा दुकानदार नाहीतर शाळामास्तर असतो, आणि दुकानदार असेल तर क्लबची वेगळी वही असेलच असं नाही. आमची पहिली तीन वर्षं उधारीच्या वहीच्या मागच्या बाजूने, वही उलटी धरून लिहिलेली होती. पुढून कोणाचे किती किलो तांदूळ बाकी, मागून फुटबॉल. वरवर चाळून 'ही दुकानाची आहे' म्हणून ठेवून दिली असती तर गेलंच होतं सगळं.

त्यातलं एक पान सांगतो. घरच्या मैदानावर मॅच, म्हणजे सड्यावर, जांभ्याचं लाल मैदान, पडलं की गुडघ्याची साल निघणारच. नोंदी अशा: ब्लॅडर (बॉलच्या आतला रबरी फुगा) १. शिलाई, चांभार. चुना. लिंबं दोन डझन. बर्फ. सुरूचे वासे २, बहुतेक गोलपोस्ट मोडला असावा. जुनं जाळं, पुढे रक्कम नाही, म्हणजे कोळीवाड्यातून फुकट मिळालं. रेफ्री चहा-भजी. आणि सगळ्यात खाली वेगळ्या शाईत 'पाहुणे ३, गाडीभाडं २२५'.

हे पाहुणे कोण? आधीच्या सहा वर्षांच्या हिशेबात हा शब्दच नाही. आणि माणशी पंचाहत्तर रुपये गाडीभाडं? दोनच पानं आधी आमची टीम एसटीने मडगावला जाऊन आल्याची नोंद होती, माणशी तिकीट लिहिलेलं, ते याच्या पावपटसुद्धा नव्हतं. म्हणजे उरलेले पैसे खेळायचे. तिघेही गोव्याहून आले होते हे नंतर कळलं. आमचा क्लब 'सेमी-प्रोफेशनल' झाला तो त्या संध्याकाळी, आणि तेव्हा गावात कोणाला तो शब्द माहीतसुद्धा नव्हता. माझ्या मते कुठल्याही छोट्या क्लबच्या इतिहासाची खरी घडी इथे पडते, पहिल्यांदा कोणाला तरी खेळायचे पैसे दिले तिथे. त्याच्या आधीचा क्लब वेगळा, नंतरचा वेगळा. ते पान शोधा, बाकीचं त्याच्या मागेपुढे लावता येतं.

वही भिजलेली किंवा दमट असेल (कोकणात असतेच, आमच्याकडे तौक्ते वादळात मे २०२१ ला क्लबच्या खोलीचे पत्रे उडाले तेव्हा दोन वह्या गच्च भिजल्या) तर ती उन्हात टाकू नका, शाई फिकी होते आणि कागद पापडासारखा वाकडा होतो. सावलीत पंख्याखाली ठेवा, पानांच्या मधे कोरा कागद नाहीतर स्वच्छ सुती कापड घाला आणि थोड्या थोड्या वेळाने बदला. वर्तमानपत्र घालू नका, त्याची शाई ओल्या पानाला लागते. इस्त्री तर अजिबात नको! सुकली की पहिलं काम, पडवीत सकाळच्या उजेडात फ्लॅश न मारता प्रत्येक पानाचा फोटो. कोरं पान असलं तरी त्याचाही.

आता स्थापनेचं साल, यावरून भांडणं होतात हे धरूनच चाला. बॅनरवर एक असतं, जुन्या लेटरहेडवर दुसरं, आणि म्हातारे तिसरंच सांगतात. सगळे खरं बोलत असतात, कारण क्लबला तीन जन्मतारखा असतात, पोरं पहिल्यांदा खेळली ती, क्लबला नाव पडलं ती, आणि रजिस्टर झाला ती. तिन्ही लिहा. रजिस्ट्रेशनचं शोधायला धर्मादाय आयुक्तांचं जिल्ह्याचं ऑफिस. संस्था सोसायटी कायद्याखाली म्हणजे १८६० च्या, आणि सार्वजनिक न्यास म्हणून १९५० च्या कायद्याखाली नोंदलेली असते, त्या फाईलीत संस्थेची घटना म्हणजे नियमावली, पहिल्या कमिटीची नावं, आणि कमिटी बदलली की दिलेले चेंज रिपोर्ट. चेंज रिपोर्ट म्हणजे सोनं आहे, कोण कधी आलं आणि कोणाला कधी बाहेर काढलं ते तारखेसकट. साधा अर्ज करून नक्कल मागा, नाहीच दिली तर माहिती अधिकार आहे.

आणि एक गोष्ट लोक विसरतात. सिंधुदुर्ग जिल्हा झाला १ मे १९८१ ला, त्याआधी आपण सगळे रत्नागिरी जिल्ह्यात. म्हणजे तुमचा क्लब १९८१ च्या आधीचा असेल आणि इकडे फाईल सापडत नसेल तर 'नाहीच आहे' असं धरू नका, रत्नागिरीला विचारा. मी ओरोसला, म्हणजे सिंधुदुर्गाच्या जिल्हा मुख्यालयात, चार हेलपाटे घातल्यावर हे माझ्या डोक्यात आलं. सावंतवाडीकडचा जुना क्लब असेल तर १९४८ पर्यंत तिकडे संस्थान होतं हेही ध्यानात ठेवा, त्या काळातला कागद असलाच तर संस्थानच्या दप्तरातला असणार.

बरं, 'आमच्याकडे फुटबॉल गोऱ्या साहेबाने आणला' हे वाक्य प्रत्येक क्लबच्या स्मरणिकेत असतं. पुरावा असेल तर लिहा, नसेल तर मोह आवरा. गोव्यात १८८३ साली शिवोलीला फादर विल्यम रॉबर्ट लायन्स यांनी खेळ सुरू केला असं मानतात, मुंबईत रोव्हर्स कप १८९१ पासून. आपल्याकडे खेळ गोव्याकडून चर्चच्या पोरांबरोबर आला की मुंबईहून चाकरमान्यांच्या ट्रंकेतून आला, हा प्रश्न साहेबापेक्षा जास्त मजेचा आहे. आमच्या गावात तरी दोन्हीकडून आला, ख्रिश्चनवाडीतली पोरं आधीपासून खेळत होती आणि चामड्याचा पहिला खरा बॉल आणला तो मुंबईला मिलमधे असलेल्या एकाने, बोटीने.

मग म्हाताऱ्यांच्या मुलाखती. इथे 'कोणत्या साली?' हा प्रश्नच विचारायचा नाही. साल विचारलं की माणूस एकतर गप्प होतो नाहीतर काहीतरी ठोकून देतो. आमचे एक जुने गोलकीपर मला पहिल्याच दिवशी म्हणाले, "साल माका इचारू नको झिला, काय झाला ता इचार." तेव्हापासून मी खुंट्या वापरतो. गोवा मुक्त व्हायच्या आधी की नंतर (१९ डिसेंबर १९६१)? कोयनेचा भूकंप झाला त्याच्या आधी की नंतर (११ डिसेंबर १९६७ ची पहाट, अर्धं कोकण अंगणात आलं होतं, ते कोणी विसरत नाही)? आणीबाणी? मुंबईचा गिरणी संप? टीव्हीवर मॅराडोना बघितला त्याच्या आधी, म्हणजे १९८६? कोकण रेल्वे सुरू झाली तेव्हा, १९९८? आणि घरगुती खुंट्या तर सगळ्यात पक्क्या, थोरल्या मुलीचं लग्न, घर कौलारूचं स्लॅबचं केलं ते. पाचसहा खुंट्या ठोकल्या की साल आपोआप एकदोन वर्षांच्या फरकाने हाताला लागतं.

या खुंट्यांनी गप्पा तपासतासुद्धा येतात. आम्हाला एकजण छातीठोक सांगत होते की १९५८ ला गोव्याची टीम आमच्या गावी येऊन खेळली. आता १९५५ च्या गोवा सत्याग्रहानंतर सीमा बंद होती, मुक्तीपर्यंत उघडपणे टीम येणं अवघडच. खोदून विचारल्यावर कळलं की ते गोयंकारच होते पण मुंबईत राहणारे, मे महिन्यात इकडे नातेवाईकांकडे आलेले. म्हणजे ते खोटं बोलत नव्हते, गोष्ट उलट जास्त चांगली निघाली.

खेळाचे नियमसुद्धा असेच उपयोगाला येतात. कोणी म्हणालं १९६२ च्या फायनलला आपल्या सेंटर फॉरवर्डला रेड कार्ड मिळालं, तर थांबा, लाल-पिवळी कार्डं पहिल्यांदा आली १९७० च्या वर्ल्ड कपला. मी हे गोलकीपर काकांना म्हटलं तर ते हसले, "तेव्हा खयची रेड कार्डां, रेफ्री बोट दाखवी नि भायर!" मग तेच लिहिलं. तसंच गोलकीपरने आपल्याच माणसाने पायाने दिलेला पास हातात घेतला आणि रेफ्रीने फाऊल दिला ही गोष्ट १९९२ च्या आधीची असूच शकत नाही, तो नियमच तेव्हा आला.

फोटोंना पण हीच युक्ती, पण जरा सांभाळून. काळ्या पंचकोनांचा आणि पांढऱ्या षटकोनांचा बॉल जगभर पसरला तो १९७० च्या वर्ल्ड कपपासून, त्यामुळे तसा बॉल फोटोत दिसला तर फोटो बहुतेक सत्तरनंतरचा. उलटं मात्र धरू नका. तपकिरी, नाडीवाला बॉल दिसला म्हणून फोटो पन्नासचा होत नाही, आमच्याकडे असला बॉल चांभाराकडून शिवून शिवून आणीबाणीपर्यंत चालवला. फोटोच्या मागे स्टुडिओचा शिक्का असतो तो बघा, बॅनरवरचं अर्धवट दिसणारं अक्षर वाचा, झूम करून मागचं झाड आणि शाळेची इमारत बघा. फ्रेममधला फोटो काचेला चिकटला असेल तर ओढून काढायचा नाही, काचेवरूनच तिरका उजेड घेऊन काढा. आणि प्रत्येक फोटो किमान तीन वेगवेगळ्या घरी दाखवा, एकाने सांगितलेल्या नावांवर छापू नका. यावर शेवटी येतो.

पेपरांचं थोडक्यात. तरुण भारत, गोव्यातले गोमंतक आणि नवप्रभा, रत्नागिरीकडचे जुने अंक, हे धुंडाळायचे असतात पण आंधळेपणाने नाही, आधी वहीतून स्पर्धेची तारीख काढायची आणि मग त्यानंतरच्या आठवड्याचेच अंक मागायचे. बातमी चार ओळींची असते, खेळ पानाच्या तळाला, आणि नावं चुकीची छापलेली. अंकाचा दिनांक आणि पान नंबर त्याच क्षणी लिहा. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ चं, चिपळूणचं टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चं, तिथली माणसं मदत करतात, पण जुनं सगळं असेलच असं नाही, चिपळूणच्या वाचनालयात २२ जुलै २०२१ च्या पुराचं पाणी शिरलं आणि किती पुस्तकं गेली ते सगळ्यांना माहीत आहे. म्हणून जे दिसेल त्याचा फोटो लगेच, पुढच्या वेळी येऊन घेऊ म्हणायचं नाही.

आता अवघड भाग, पैशाच्या मुलाखती. कोणीही म्हणणार नाही की मी पैसे घेऊन खेळलो. शब्द शोधावा लागतो. आमच्याकडे 'गाडीभाडं' होता, शेजारच्या गावात 'चहापाणी', नंतरच्या पोरांत 'मानधन', आणि आता सरळ 'पाकीट'. ज्यांनी पाकिटं वाटली त्या माजी सेक्रेटरींनी मला आधीच बजावलं होतं, "पैशे म्हणू नको, गाडीभाडा म्हण, मगे बोलतत." खरंच बोलले. त्यातून कळलं की डेम्पो, साळगावकर, वास्को असल्या गोव्यातल्या मोठ्या क्लबांच्या अवतीभवती असलेली, पण पहिल्या टीममधे जागा न मिळालेली पोरं रविवारी सीमा ओलांडून आपल्याकडे येत. आपलीही चांगली पोरं बाहेर जात, पण त्यांचा हिशेब वेगळा होता. राष्ट्रीय लीग सुरू झाली १९९६ ला, त्याआधी आपल्या पोराला फुटबॉलवर पोट भरायचं म्हणजे बहुतेक वेळा नोकरीच, मुंबईत बँक, रेल्वे, कस्टम्स, मफतलाल किंवा ओर्के मिलसारखी टीम असलेली गिरणी. दिवसा ड्युटी, संध्याकाळी कूपरेजचं फुटबॉल मैदान. म्हणून १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला त्याचा धक्का आमच्या वहीतसुद्धा दिसतो. त्या वर्षीच्या टीमच्या यादीत एकदम पाच नावं वाढलेली, सगळे परळ-लालबागहून परत आलेले, आणि त्याच वर्षी 'पाहुणे' ही ओळ गायब. पाहुण्यांची गरजच उरली नव्हती. आम्ही त्या दोन वर्षांत सगळ्यात जास्त ट्रॉफ्या मारल्या. गावात अजून त्याला सुवर्णकाळ म्हणतात, त्या पाच घरांत विचारा काय म्हणतात ते.

इथेच माझ्या हातून मोठी चूक झाली. कच्च्या मसुद्यात मी वहीतली नावं आणि रकमा जशाच्या तशा टाकल्या आणि तो मसुदा ग्रुपवर फिरला. एका जुन्या खेळाडूच्या घरी माहीतच नव्हतं की ते पैसे घेत, इतकी वर्षं ते क्लबसाठी फुकट खेळलो असं सांगत आले होते. आठ महिने माझ्याशी बोलले नाहीत. चतुर्थीला त्यांच्याकडे गेलो तर नेवऱ्या दिल्या पण बोलले नाहीत. तेव्हापासून नियम केला, हयात माणसाच्या नावापुढे रक्कम लिहायची नाही त्याने स्वतः हो म्हटल्याशिवाय. कोणी किती घेतले ते सांगायची गरजच नसते, क्लबने त्या वर्षी एकूण किती दिले आणि ते आले कुठून एवढं पुरतं. आणि आले कुठून हे जास्त महत्त्वाचं. आमच्याकडे कुवेत-दुबईला गेलेल्यांच्या वर्गणीतून, आंब्याच्या दोन बागायतदारांकडून, आणि एक वर्ष चक्क नाटकाच्या तिकिटांतून.

भांडणं टाळू नका. प्रत्येक क्लब कधी ना कधी फुटतो, आणि स्मरणिकेत त्या जागी 'काही कारणास्तव' असं असतं. दोन्ही बाजूंना वेगवेगळं भेटा, दोघांचं लिहा, आणि निकाल तुम्ही देऊ नका. आमचा क्लब फुटला त्याचं कारण बाहेरचे प्लेअर, गावची पोरं बेंचवर आणि पाहुणे मैदानात, म्हणजे परत तीच गाडीभाड्याची ओळ.

आणि जे यादीत नाहीत त्यांच्याकडे जा. जमीन ज्यांची होती ते. चुना मारणारा. मोहल्ल्यातली आणि कोळीवाड्यातली पोरं, जी अर्ध्या टीमएवढी होती पण कमिटीत एकही नाही. काकींना मी वहीबद्दल विचारायला गेलो होतो, निघताना सहज म्हणाल्या की जर्सीवरचे सगळे नंबर त्यांनी शिवले होते, गादीच्या खोळीचं कापड कापून, आणि ७ नंबर सगळ्यांना हवा असायचा म्हणून त्यांनी मुद्दाम दोन सात केले होते. हे मला पन्नास वर्षांत एकाही प्लेअरने सांगितलं नव्हतं. टोपणनावांची वेगळी यादी करा, नाहीतर वहीतला 'बाबलो' आणि पेपरातला पूर्ण नावाचा माणूस एकच आहे हे कधीच कळणार नाही.

लिहिताना लांबवू नका, आमचं चौसष्ट पानांत बसलं, त्यातली वीस जाहिराती. आमदारांचा शुभेच्छा संदेश टाळता येत नाही, टाका. सगळे स्कॅन दोन ठिकाणी ठेवा, एक ड्राइव्हवर आणि एक मुंबईत कोणाच्या तरी घरी पेनड्राइव्हवर, वाडीतल्या दोन घरांत ठेवून उपयोग नाही, वादळ दोन्हीकडे येतं. आणि शेवटची चार पानं रेघा मारून कोरी सोडा, वर लिहा 'चुका इथे लिहा'. एक प्रत स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर दोरीला बांधून ठेवा. आमची पाने सहा महिन्यांत भरली, आणि सगळ्यात वर कोणीतरी बॉलपेनने, खूप दाबून लिहिलंय: पान २३, फोटोत उजवीकडसून तिसरो मी न्हय, माझो भाव आसा.